साठ दुलुम मका

यासेनिक गावात रेम्झिया चाउशेविचएवढा भित्रा माणूस दुसरा नव्हता, आणि हे त्याला स्वतःलाही मान्य होतं. कुत्रं भुंकलं की तो फाटकाबाहेरच थांबायचा. सरकारी पाकीट आलं की बायकोला फोडायला लावायचा. पण एका बाबतीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. शेताच्या बांधावर उभं राहून, डोळे बारीक करून तो सांगायचा, "चौदा दुलुम मका, तीन पडीक." एक दुलुम म्हणजे साधारण दहा गुंठे. मागाहून फीत लावून बघितलं तर अर्ध्या दुलुमाचाही फरक निघत नसे. म्हणून तालुक्याच्या ऑफिसने लढाईच्या कितीतरी आधी गावाचा तक्ता त्याच्याकडे सोपवला होता. दर वसंतात हिंडायचं, किती जमीन नांगरली आणि किती पडली हे लिहून द्यायचं.

लढाई संपली, माणसं परतली, आणि पहिला कोरा तक्ता आला तेव्हा रेम्झिया एका ओळीवर अडला. लुचिनाचं काय लिहायचं? लुचिना म्हणजे नदीकाठचं साठ दुलुमांचं काळंभोर रान. त्र्याण्णवच्या शरदात तिथे सैनिक परातीएवढे सुरुंग पुरत होते, आणि मोठ्यांच्या आजूबाजूला वाटीएवढे लहान. आलुबुखाराच्या झाडांआड पालथं पडून ते त्याने पाहिलं होतं. आता 'पडीक' लिहावं तर ऑफिसचा माणूस येणार, कारण विचारणार आणि म्हणणार, चल, बांधावर जाऊन दाखव. रेम्झिया ओसरीवरून हलला नाही. जुना तक्ता काढला आणि त्यात बघून लिहिलं: लुचिना, साठ दुलुम, मका.

पहिल्या वर्षी जड गेलं. मग सवय झाली. सतरा वर्षं.

"कागदावर नांगरतोस," बायको शेफिका कॉफी ओतताना म्हणायची. "त्या मक्याची भाकरी एकदा खाऊन दाखव मला."

"हळू बोल गं."

"कोणाला ऐकू जातंय? गावात उरलंय कोण?"

ते खरंच होतं. तरुण पोरं परदेशी गेली होती, शेतांत काटेरी झुडपं माजली होती. देशाची नांगरटीखालची जमीन वर्षागणिक आटत चालली होती. ऑफिसातल्या बाईंनी भिंतीवर त्याचा आलेख लावला होता. "सगळ्या गावांच्या रेघा घसरगुंडीवर," त्या म्हणायच्या, "तुमची मात्र टेबलासारखी सपाट! शाब्बास, रेम्झिया." तो हसायचा आणि त्याचा शर्ट पाठीला चिकटायचा.

मग एका फेब्रुवारीत सुरुंग काढणाऱ्यांच्या ऑफिसची एक मुलगी नकाशा घेऊन घरी आली. लुचिनावर गुडघाभर बर्फ होतं. तिने रीतसर कॉफी घेतली, साखरेचा खडा तोंडात धरला आणि तक्त्यावर बोट ठेवलं.

"काका, या रानाभोवती सुरुंगांच्या इशाऱ्याची लाल फीत आहे, पण तुमच्या आकड्यांत तर इथे दरवर्षी मका दिसतोय. खरंच नांगरतात?"

शेफिका चुलीपाशी ताठ उभी राहिली. रेम्झियाच्या डोळ्यांपुढे तुरुंग आला, वर्तमानपत्रातला स्वतःचा फोटो आला.

"दरवर्षी," तो म्हणाला.

"आणि कधी काही झालं नाही?"

"नाही."

वर्षानुवर्षं कसलेल्या जमिनीत सुरुंग कुठून असणार, म्हणून लुचिना धोक्याच्या जमिनींच्या यादीतून गेलं. मार्चमध्ये फीत निघाली. फीत निघाली म्हणजे रान साफ झालं, असंच गावाने धरलं. आठ दिवस शेफिका नवऱ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी एवढंच म्हणाली, "जाऊन सांग." तो म्हणाला, "उद्या." अशा कितीतरी उद्या गेल्या. कोणी तिकडे फिरकत नाही तोवर काय बिघडतंय, अशी तो स्वतःची समजूत घालायचा.

एप्रिलच्या शेवटी, सकाळी दाढी करताना त्याला ट्रॅक्टर ऐकू आला.

शेजारचा नेव्हरेस. बायको आणि तान्ही मुलगी घेऊन ऑस्ट्रियातून नुकताच परतलेला. त्याच्या आजोबांचा वाटा लुचिनात होता, हे रेम्झिया विसरलाच होता. अर्धी दाढी तशीच ठेवून तो धावत सुटला.

ट्रॅक्टर रानाच्या तोंडाशी होता. नांगर खाली गेला होता, मागे दोन-तीन काळे तास पडले होते.

"नेव्हरेस! थांब!"

इंजिनाच्या आवाजात कोण ऐकतंय? पोराने मान वळवली, हसून हात हलवला आणि पुढे गेला. मोठे सुरुंग पुरले होते ती ओळ साधारण दोनशे पावलांवर. रेम्झियाला तेवढं अंतर डोळ्यांनी कळलं. त्याला सगळंच डोळ्यांनी कळायचं.

त्याचे पाय बांधावर रुतल्यासारखे झाले होते. आई गं, असं तोंडून निघालं आणि एक पाऊल आत पडलं. मग दुसरं. वाटीएवढे लहान कुठे कुठे ते त्याला माहीत नव्हतं. तो गवतातून आडवा धावला आणि हात पसरून ट्रॅक्टरसमोर उभा राहिला.

इंजिन बंद पडलं.

"काका, वेड लागलं का तुम्हाला? साबण पुसा तरी!"

"नांगरलं नाही कोणी," रेम्झियाचे दात वाजत होते. "कधीच नाही. मी खोटं लिहिलं. इथे सुरुंग आहेत."

नेव्हरेसचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने खाली बघितलं, चाकाकडे, नांगराकडे, मग रेम्झियाच्या पायांकडे.

"मग तुम्ही असे आत कसे आलात?"

रेम्झिया रडत होता.

"चाकाच्या खुणेवरच पाय टाक," अखेर तो म्हणाला. "इकडेतिकडे नको. माझ्या मागून ये."

बांधापर्यंत एकशे बारा पावलं झाली. प्रत्येक पाऊल टाकताना हेच शेवटचं असं त्याला वाटलं. शेफिका बांधावर उभी होती, तोंडावर पदरासारखा रुमाल दाबून.

मे महिन्यात ऑफिसातल्या बाईंचा फोन आला. लाल फीत पुन्हा लागली होती, आणि ट्रॅक्टर अजून रानातच उभा होता, कारण त्याला आणायला कोणी जात नव्हतं.

"रेम्झिया, हे काय? लुचिनापुढे शून्य? साठ दुलुम एका वर्षात गेले कुठे?"

"एका वर्षात नाही, बाई," तो म्हणाला. "सगळे जुने तक्ते काढा. मी येतोय."