लेपमामा आणि मामीची बोटं

लेपमामा माणसाचा चेहरा विसरायचे, पण गुडघा विसरायचे नाहीत. जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारात कुणी नमस्कार केला की मामांची नजर आधी खाली जायची आणि मग ओळख पटायची. "तुमी डाव्या गुडघ्यावाले व्हय! उतरली का सूज?" समोरचा बिचारा आपलं नाव सांगायला तोंड उघडायचा, पण नावाशी मामांना काही घेणंदेणं नसायचं.

माझ्या आईचे हे थोरले भाऊ. औंढा तालुक्यातल्या चार खेड्यांत त्यांनी जन्मभर सायकलवरून टपाल वाटलं. पुढे पत्रं कमी झाली, पण मामांच्या फेऱ्या कमी झाल्या नाहीत. कुणाचं पत्र नसलं तरी ते दारात थांबायचे, ओसरीवरच्या म्हातारीला उठून चालून दाखवायला सांगायचे आणि पिशवीतून निरगुडीचा पाला काढायचे. निवृत्त झाल्यावर तर टपालाचा अडथळाही उरला नाही. तेव्हापासून त्यांना गाव लेपमामा म्हणू लागलं. त्यांना त्यात कौतुक ऐकू यायचं.

निरगुडी तव्यावर गरम करून बांधायची, एरंडाच्या पानाला तेल लावून शेकायचं, आंबेहळद आणि तुरटी उगाळून लेप द्यायचा, मेथ्या रात्री भिजवून सकाळी चावून खायच्या, जाड मिठाच्या पुरचुंडीनं शेक घ्यायचा. ही औषधं बहुतेक घरांत ठाऊक असतात, आणि त्यांनी बरंही वाटतं. मामांचा दोष एवढाच, की बरं वाटण्यावर त्यांचं समाधान नव्हतं. त्यांना रोग मुळासकट उपटायचा असायचा. "इंजिशन म्हंजे सुजीवर झाकण ठेवनं," ते म्हणायचे. "पाला बराबर आतून वात वढून काढतो."

एकदा शाळेचे हेडमास्तर कंबर धरून आले. मामांनी त्यांना बिब्ब्याचं तेल लावलं. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांच्या अंगावर बिब्बा असा उतला, की पंधरा दिवस त्यांना पँट घालता आली नाही. सगळ्या अंगावर फोड घेऊन ते घरी लुंगीवर पालथे पडून होते. मामा त्यांना भेटायला गेले आणि विचारलं, "पण सर, कंबर दुखते का आता?" सर म्हणाले, "कंबरेकडं लक्षच नाही." मामांनी हा गुण आल्याचा पुरावा म्हणून पुढे गावभर सांगितला.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, जर मामी नसती.

मामीची बोटं दुखायला लागली तेव्हा ती चाळिशीत होती. सकाळी उठल्यावर मूठ वळायची नाही. दोन्ही हातांची पेरं सुजायची आणि दिवस बराच वर आल्यावर जरा सैल पडायची. मामा खूश झाले. आयुष्यभर परक्यांचे गुडघे शोधत फिरलेल्या माणसाला घरातच रोगी मिळाला होता. मामीचं ताक बंद झालं. वांगं, बटाटा, हरभऱ्याची डाळ वातूळ म्हणून बंद झाली. अंबाडीची भाजी आंबट म्हणून गेली, आणि तिच्यावर तर मामीचा जीव होता. मामा मात्र मामीनं दुखऱ्या हातांनी केलेलं वांग्याचं भरीत तिच्यासमोर बसून खायचे आणि सांगायचे, "तू पथ्य पाळत न्हाईस, म्हणून गुण येईना."

मी एकदा म्हटलं, "मामा, हिंगोलीला माझ्याकडं घेऊन जाते मामीला. डॉक्टरला दाखवू."

"काहून? मी काय मेलो का?"

मामी चुलीकडे तोंड करून म्हणाली, "जाऊ दे गं. चार गावच्या बाया यांच्याकडं येतात. यांची बायकोच डॉक्टरकडं गेली तर लोक काय म्हनतील?" तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून मलाच जास्त राग आला. तरीही मी गप्प बसले. अशी बारा वर्षं गेली.

मग एका उन्हाळ्यात मी शिकवते त्या शाळेतल्या एका मैत्रिणीचा हात मोडला. तिला घेऊन मी हिंगोलीतल्या एका हाडांच्या डॉक्टरकडे गेले. पडद्याआडून ओळखीचा आवाज आला, "हळू द्या हो साहेब, हळू!" पडदा सरकला. आत मामा होते. धोतर मांडीपर्यंत वर केलेलं, उजव्या गुडघ्यावर कापसाचा बोळा, आणि डॉक्टर रिकामी सिरिंज ट्रेमध्ये ठेवत होते.

मामा घरी बँकेत केवायसी करायला जातो असं सांगून आले होते. मला पाहून त्यांनी आधी धोतर खाली केलं.

"तिसरं हाय," ते हळूच म्हणाले. "लई तकलीफ होऊन राहिली होती. जिना चढता येईना. मामीला सांगू नको."

मी नाही सांगितलं. मोठ्या माणसाची लाज राखायची, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मला घरात वाद नको होता. त्या भित्रेपणाचं आज मला मामांच्या लेपांपेक्षा जास्त वाईट वाटतं.

दिवाळीला गेले तेव्हा मामीला लाटणं धरता येत नव्हतं. बोटं करंगळीच्या बाजूला कलली होती. मामा तिच्या हातावर एरंडाचं पान बांधत होते आणि शेजारणीला समजावत होते, "इंजिशनच्या नादी लागू नका. सांधा कायमचा खराब होतो."

माझा तोल गेला. "मामा, तुमच्या गुडघ्यात तीन इंजेक्शनं घेतलीत. मग मामीलाच पान काहून?"

मामांनी पानावरचा दोरा आवळला. मामी त्यांच्याकडे बघत राहिली.

"व्हय का हो?" तिनं विचारलं. "तीन?"

"अगं, गुडघ्याची गोष्ट येगळी असती..."

मामीनं दातानं तो दोरा तोडला आणि पान काढून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ठेवणीतलं लुगडं नेसून जीपच्या थांब्यावर उभी होती. मामांना तिनं काही विचारलं नाही. तेच चपला घालून मागून आले.

हिंगोलीच्या त्याच डॉक्टरांनी रक्त तपासलं, हाताचे फोटो काढले. आमवात निघाला. "वाकली ती बोटं आता सरळ होणार नाहीत," ते म्हणाले. "गोळ्या नियमित घेतल्या तर पुढचे सांधे वाचतील. बारा वर्षं काय करत होतात?"

मामा म्हणाले, "पाल्यानं सूज तर उतरायची साहेब."

"शेकानं बरं वाटतं. अजूनही शेका. पण हा आजार शेकानं थांबत नाही."

त्यानंतर दर महिन्याला मामा मामीला घेऊन यायचे. चूक झाली, असं एकदाही म्हणाले नाहीत. उलट दवाखान्यात रांगेतल्या लोकांना मेथ्या आणि निरगुडी सांगत बसायचे. कंपाउंडर एकदा चिडून म्हणाला, "बाबा, बाहेर जाऊन सांगा." मामा बाहेर गेले आणि चहाच्या टपरीवाल्याचा खांदा तपासून आले. मामी मात्र गोळ्या घेऊन ताक प्यायला लागली होती, वर्षभरात लाटणंही धरायला लागली. पोळ्या थोड्या वाकड्या व्हायच्या. मामा त्या निमूट खायचे.

गेल्या वर्षी मामा गेले. हृदयविकाराचा झटका आला, कुणाला काही करायला वेळच मिळाला नाही. चार गावचे लोक आले. हेडमास्तरही आले आणि सगळ्यांआधी रडले.

तेराव्यानंतर मी मामीला एक गोष्ट सांगितली. आदल्या महिन्यातली, ती आत रक्त तपासायला गेली होती आणि मी मामांजवळ बसले होते तेव्हाची. सेनगावकडची एक तरुण बाई रांगेत शेवटी बसली होती. तिच्या बोटांची पेरं सुजलेली. तिनं मामांची ख्याती ऐकली होती. ती उठून आली, हात पुढे केला आणि म्हणाली, "मामा, कोनता पाला बांधू?"

मामांनी तो हात धरला. बराच वेळ उलटसुलट करून पाहिला. मग पिशवी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "पाला नको पोरी. आमचा तिसरा नंबर हाय. तो तू घे, तुझा आमी घेतो. आजच दाखव."

"तिला नंबर दिला," मामी म्हणाली. "आन मला बारा वर्षं पानं बांधली त्या मानसानं."

असं म्हणून ती हसली, आणि मग मामा गेल्यापासून पहिल्यांदा रडली.