अक्कांचं जड पान

परीक्षेत एक मार्क गेला तरी ज्यांना जेवण जात नाही अशा मुली असतात, त्यांतली मी. पुण्याहून बंगळुरूला नोकरीसाठी आले तेव्हा सामानाबरोबर ही खोडही आली. बसवनगुडीत एका घरात वरची खोली मिळाली. खाली घरमालकीणबाई राहायच्या. त्यांचं घराणं पिढ्यानपिढ्या इथलंच. मराठी फक्त घरात उरलेली, तीही अर्धी कानडीत भिजलेली; 'बरं'ला सरी, 'थोडं'ला स्वल्प. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, म्हणून मीही.

अक्कांची एकुलती एक लेक अमेरिकेत होती आणि तिला दिवस गेले होते. बाळंतपणाला जायचं म्हणून अक्कांनी डिंक, खारीक, आळीव असं सगळं आणून ठेवलं आणि व्हिसा नाकारला गेला. तेव्हापासून त्या गप्प गप्प असायच्या. फोनवर मायलेकी बोलण्यापेक्षा रडायच्याच जास्त.

मी एका छोट्या कंपनीत वेब पानं बनवायचे आणि जगातला कुठलाही प्रश्न एका वेब पानाने सुटतो असं मला मनापासून वाटायचं. अक्कांना म्हटलं, तुम्ही लिहून द्या, मी इंटरनेटवर लावते, लेक तिथे बसून वाचेल. त्या काळी मराठी अक्षरं परक्या कॉम्प्युटरवर धड उमटत नसत. त्यामुळे अक्का कागदावर लिहायच्या, मी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या स्कॅनरवर त्याचं चित्र काढायचे आणि ते चित्रच पानावर चढवायचे. कधी डिंकाचे लाडू, कधी पाठ दुखली तर काय करायचं, कधी नुसतंच शेजारच्यांच्या आंब्याला मोहोर आला म्हणून. असं दर आठवड्याला चालायचं.

त्याच सुमारास ऑफिसात पानं तपासणाऱ्या एका साइटचं वेड शिरलं. तिला आपल्या पानाचा पत्ता द्यायचा. मग ती पानामागचा कोड तपासायची, चुका काढायची, सुधारणा सुचवायची आणि शेवटी पाचपैकी तारे द्यायची. गिऱ्हाइकांच्या पानांना पाच तारे मिळवून मी कॉलर ताठ करून फिरत होते. एकदा हौसेने अक्कांचं पान तिच्यापुढे ठेवलं. एकच तारा मिळाला आणि खाली शेरा: पान फार जड आहे, उघडायला फार वेळ लागतो, चित्रं काढून मजकूर टाइप करा. बाईंनी मला भर वर्गात बाकावर उभं केलंय, असंच वाटलं.

मग मी इरेला पेटले. अक्कांच्या हस्ताक्षराची सगळी चित्रं काढून टाकली आणि मजकूर इंग्रजी लिपीतल्या मराठीत टाइप केला. त्या लिपीत डिंकाचे लाडू वाचताना माझीच जीभ अडखळत होती, पण तपासणाऱ्या साइटला लाडवांशी काय देणंघेणं? तिने पाच तारे दिले. मी तो निकाल छापून अक्कांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून तारे पाहिले, "सरी" म्हणाल्या आणि मला वाटीभर पायस दिलं. त्या बिचारीला वाटलं, मला बढती मिळाली.

दोन-तीन दिवसांनी लेकीची ईमेल आली. आभाराची असणार म्हणून मी शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीलाही वाचायला बोलावलं.

"पान बदललंस का गं? आता एकदम उघडतं," तिने लिहिलं होतं. "आधी आईचं अक्षर वरून एकेक ओळ करत खाली यायचं. मी चहा घेऊन बसायचे. तेवढा वेळ आई समोर बसून लिहितेय असं वाटायचं."

मैत्रीण आपल्या खुर्चीवर परत गेली. मला आधी त्या साइटचा राग आला, मग माझा, आणि मग रडू आलं. साइटने बरोबर तपासलं होतं. पान जडच होतं. ते कुणासाठी जड आहे, हे बघायचं काम माझं होतं आणि मी तारे मोजत बसले होते. दुपारीच सगळी चित्रं परत लावली. खोड काही जात नाही, म्हणून पान पुन्हा तपासायलाही दिलं. पुन्हा एकच तारा. कॉम्प्युटरवरची ती खिडकी बंद केली.

संध्याकाळी अक्कांना सगळं सांगितलं आणि ईमेल वाचून दाखवली. आता बोलणी खायची, अशा तयारीने मी बसले होते. अक्कांनी पदराने चष्मा पुसला. मग त्यांनी विचारलं, ते पान उघडायला वेळ लागतो तो कशामुळे? मी सांगितलं, जेवढं लिहिलेलं लांब, तेवढा वेळ जास्त.

"सरी," त्या म्हणाल्या. "मग पुढचं पान स्वल्प मोठं लिहिते."