एका फोनला एक मत

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी साकोलीत मला अजून ‘पी.टी.चे सर’च म्हणतात, आणि खेळाचं काहीही निघालं की धरून नेतात. आमच्या घरात खेळणारं कोणी नव्हतं. वडील हातमागावर बसायचे, मोठ्या भावानं पुढे कापडाचं दुकान टाकलं. मीच एकटा गळ्यात शिट्टी घालून एकतीस वर्षं शाळेच्या मैदानावर उभा राहिलो. आता गुडघे बोलतात. जिना उतरताना कठडा धरावा लागतो. पण ‘नाही’ म्हणायची सवय कधी लागलीच नाही, त्यामुळे या वर्षीही जानेवारीत मंडळाच्या बैठकीला जाऊन बसलो.

मंडळ म्हणजे गावातले आठ-दहा दुकानदार. तालुक्यातल्या एका खेळाडूला ते दर वर्षी ‘वर्षाचा खेळाडू’ म्हणून शाल आणि ढाल देतात. आजवर आम्ही चौघं चहा पिता पिता नाव ठरवायचो. मग दर वर्षी कोणीतरी रुसायचं. गेल्या वर्षी तर एका कुस्तीगिराचे मामा अध्यक्षांच्या दुकानासमोर येऊन अर्धा तास बोलले, आणि अख्ख्या रस्त्यानं ते ऐकलं. अध्यक्षांचं हायवेवर टायरचं दुकान आहे. गिऱ्हाइकांसमोर झालेली ती शोभा त्यांच्या फार जिव्हारी लागली होती.

“औंदा लोकायलेच ठरवू द्या,” ते म्हणाले. “एका फोनले एक मत. मंग आपल्या नावानं कोणी बोंब मारन नाई.”

बैठक दुकानामागच्या खोलीत होती. टायरच्या चळतींमधून वाट काढत आम्ही खुर्च्यांवर बसलो होतो आणि रबराच्या वासानं माझं डोकं दुखायला लागलं होतं. तीन नावं पुढे आली. एक होता टेनिस बॉल क्रिकेटचा फलंदाज, माझाच जुना विद्यार्थी. हात खरंच चांगला आहे त्याचा. तो खेळायला उतरला की आजूबाजूच्या गावांतून लोक मोटारसायकली काढतात. दुसरा कबड्डीवाला, शाळेच्या गाडीवर ड्रायव्हर, वय बेचाळीस. वीस वर्षं तालुक्याकडून चढाया करतोय, आणि या वर्षी खांद्याला पट्टा बांधून खेळला. तिसरं नाव मी दिलं. सानगडीची एक एकोणीस वर्षांची मुलगी, लांब पल्ल्याची धावपटू. राज्याच्या स्पर्धेत पाच हजार मीटरमध्ये ती चौथी आली होती.

चौथी म्हटल्यावर दोघा-तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी सांगितलं, की पुढच्या तिघी क्रीडा प्रबोधिनीच्या होत्या. त्यांना मैदान होतं, प्रशिक्षक होता, जेवणाचा तक्ता होता. ही तलावाच्या पारीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, धावते. अंतर कळावं म्हणून एका रविवारी मी आणि तिच्या वडिलांनी टेप धरून पार मोजली होती आणि दर दोनशे मीटरवर चुन्याची खूण केली होती. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग कबड्डीवाल्यावरून वाद लागला. वर्षाचा खेळाडू म्हणजे या वर्षी जो चांगला खेळला तो, की इतकी वर्षं खेळला तो? मी म्हटलं, वर्षाचा म्हणजे वर्षाचा. एकजण म्हणाला, मग त्याला कधी द्यायचं, तो गेल्यावर? लोकांनी जे पाहिलं नाही त्याला ते मत कसं देतील, हेही मी विचारलं. अध्यक्ष म्हणाले, ते लोक पाहून घेतील. तेवढ्यात बाहेर एक ट्रक येऊन थांबला आणि ते उठून गेले. सार्वजनिक मत घ्यायचं हे असं ठरलं.

झेरॉक्सच्या दुकानदारानं लिंक बनवली आणि ती गावभर फिरली. मुदत आठ दिवसांची. तिघांच्या फोटोखाली कोणाला किती मतं पडली ते लगेच दिसायचं.

त्या आठ दिवसांत मी जितका बोललो तितका नोकरीच्या शेवटच्या वर्षातही बोललो नसेन. चहाच्या टपरीवर, न्हाव्याकडे, बसस्टँडवर, जिथे जाईन तिथे लोक विचारायचे, सर, तुमच्या मतानं कोण? न्हाव्याचं म्हणणं होतं की जो माणसं जमवतो तोच खेळाडू. टपरीवाला कबड्डीच्या बाजूचा. त्याचं म्हणणं, इतकी वर्षं गुडघे फोडून घेतले त्या माणसाला एकदा तरी शाल मिळू द्या. दोघांचंही काही खोटं नव्हतं. मुलीचं नाव मीच काढायचो, आणि समोरून तोच प्रश्न यायचा, ‘चौथी आली ना?’ मग मी पुन्हा पहिल्यापासून सांगायचो. पुढच्या तिघी कोण, पार किती लांबीची, शेवटच्या दोन फेऱ्यांत तिनं किती जणींना मागे टाकलं. पाचव्या दिवशी बोलता बोलता माझा मलाच कंटाळा आला. तेच शब्द, त्याच क्रमानं. शाळेत हजेरी घेताना व्हायचं तसं झालं.

त्यातच लोक खेळ सोडून भलतंच मोजायला लागले. कोणाचा समाज तालुक्यात किती, कोणाचे सोयरे कुठे, कोणत्या गावात किती फोन. टपरीवर दोघं जण याचा हिशेब करत बसले होते, निवडणुकीत करतात तसा. मी चहा अर्धा टाकून उठलो.

सहाव्या दिवशी दुपारी भावाच्या दुकानात बसलो होतो. गादीवर आतल्या बाजूला, लुगड्यांच्या गठ्ठ्याला टेकून. समोरच्या भांड्यांच्या दुकानात एक माणूस उभा दिसला. धोतर, वर स्वेटर, डोक्याला दुपट्टा बांधलेला. हात जोडून काहीतरी सांगत होता आणि मग खिशातून फोन काढून दाखवत होता. दुकानदारानं हसत आपला फोन घेतला, काहीतरी दाबलं, आणि हा माणूस पुन्हा हात जोडून पुढच्या दुकानाकडे निघाला. तेव्हा चेहरा दिसला. मुलीचे वडील होते.

ते आमच्याकडेही आले. मी आत बसलेला त्यांना दिसलो नाही.

“माह्या पोरीले एक मत द्या जी,” ते भावाला म्हणाले. “सानगडीची आहे. धावते.”

भावानं मत दिलं आणि मग त्यांना विचारलं की मुलगी कितवी आली. “चौथी,” ते म्हणाले, आणि थांबले. पुढचं सांगणं त्यांना जमत नव्हतं. ते सगळं मला पाठ होतं, पण मी उठलो नाही. लाज वाटली. हे नाव मी दिलं होतं, आणि त्यापायी हा माणूस भर बाजारात हात जोडत फिरत होता. भेटलो असतो तर काय बोललो असतो? ते गेल्यावर भाऊ माझ्याकडे वळून म्हणाला, तुला बरं नाही का? मी म्हटलं, पाय दुखतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीनं सानगडीला गेलो. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. घरी मुलगी नव्हती. तिची आई म्हणाली, खऱ्यावर आहे, म्हणजे शेतातल्या खळ्यावर. त्यांची धानाची मळणी उशिरा चालली होती. मी बांधाबांधानं गेलो. धान कापलेल्या बांध्यांमध्ये लाखोरीचं पीक हिरवंगार उभं होतं आणि खऱ्यावर मुलगी सुपानं धान उपणत होती. मला पाहून तिनं सूप खाली ठेवलं, हात ओढणीला पुसले, आणि पाणी देऊ का म्हणून विचारलं. पाणी प्यालो. मग ती उभ्या उभ्याच म्हणाली,

“सर, माहं नाव काढून टाका जी त्या मोबाइलमधून.”

“काहून?”

“बाबूजी दुकानोदुकान हात जोडून राहिले. धावतो मी, अन् मागत ते फिरून राहिले. कालपासून माह्यानं जेवण जात नाई.”

तिचा आवाज चढला नव्हता. रडतही नव्हती. अंगावर कोंडा उडालेला, केसांतही. धावायला जाते का म्हणून विचारलं, तर म्हणाली, चार दिवस गेली नाही. पारीवर लोक थांबवून विचारतात, किती मतं झाली. एकानं तर मागे पडली म्हणून समजूत घातली. “मी कोणाच्या मागं पडलो सर? मी त घरीच होतो.”

माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. नाव राहिलं तर तुझ्यामागून येणाऱ्या मुलींना धीर येईल, हरणं-जिंकणं महत्त्वाचं नाही, असलं सगळं. एकतीस वर्षं हेच तर बोललो होतो. पण त्यातलं एक वाक्य तोंडातून निघेना. खरं सांगायचं तर तिनं तसं म्हटल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. आता कोणाला काही समजावून सांगावं लागणार नव्हतं. मी म्हटलं, ठीक आहे, काढायला सांगतो.

एवढ्यात तिचे वडील बैलगाडी घेऊन आले. त्यांना तिनंच सांगितलं, नाव काढायचं ठरलं म्हणून. त्यांनी बैल सोडले, बांधले, त्यांच्यापुढे तणस टाकली. मुलगी पुन्हा सुपाकडे गेली तेव्हा माझ्याजवळ येऊन बसले. मी त्यांची माफी मागायला लागलो, की माझ्यामुळे तुम्हाला लोकांपुढे हात जोडावे लागले. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

“मले काई लाज नाई वाटली जी सर,” ते म्हणाले. “साकोलीत मी आजवर खत आलं का, एवढंच इचारत आलो. पयल्यांदा माह्याजवळ सांगाले काई होतं.”

मुलगी वाऱ्याकडे तोंड करून धान उपणत होती, तिच्यापर्यंत हे पोचलं नसावं. मनात आलं, तिला जाऊन सांगावं. पण मग ती नाव ठेवायला कबूल झाली असती ती वडिलांसाठी, आणि पुन्हा पारीवर जाणं बंद राहिलं असतं. की वडिलांचं ऐकून तिला बरं वाटलं असतं? मला ठरवता येईना. जे दोघांनी एकमेकांना सांगायचं ते मी कशाला मध्ये पडून सांगू, असं स्वतःलाच बजावलं आणि दुपारच्या गाडीनं परत निघालो. खिडकीशी बसून तो सगळा वेळ मला एवढंच वाटत होतं, की मी पळ काढला.

साकोलीत उतरून सरळ अध्यक्षांकडे गेलो. त्यांनी झेरॉक्सवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, एक नाव काढलं तर तिघांचीही मतं पुसली जातील, लिंक नवी करावी लागेल. मुदत संपायला एकच दिवस होता. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहून खांदे उडवले. “राहू द्या ना सर. एका दिवसानं काय होते.” मी हट्ट धरायला हवा होता. धरला नाही. संध्याकाळी मुलीच्या घरी फोन करून सांगितलं, नाव निघत नाही म्हणून. फोन तिनंच उचलला होता. “बरं,” म्हणाली, आणि ठेवला.

निकाल सगळ्यांना ठाऊक होता तोच लागला. फलंदाज पहिला, बराच पुढे. कबड्डीवाला दुसरा. मुलगी तिसरी, पण सानगडीच्या माणसांनी शेवटच्या दिवशी बरीच मतं दिली होती असं कळलं.

शाल देण्याचा कार्यक्रम शाळेच्या पटांगणात झाला. मुलगी आली नाही. तिचे वडील आले होते, मागच्या रांगेत बसले होते, आणि टाळ्या वाजवत होते. कबड्डीवालाही आला. शाळेची गाडी बाहेर उभी करून आला होता, मुलांना घरी सोडायची वेळ झाली तसा भाषणं चालू असतानाच उठून गेला.

कार्यक्रम संपल्यावर फलंदाज माझ्या पाया पडला. खांद्यावर शाल तशीच होती. जरा बाजूला घेऊन त्यानं हळूच विचारलं, “सर, खरं सांगा, तुमी मत कोणाले देल्लं?”

तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आठ दिवस गावभर बोलत फिरलो, पण माझ्या फोनवरून मत द्यायचं राहूनच गेलं होतं. त्याला तसं सांगितलं. वाटलं, हसेल. तो हसला नाही. म्हणाला, त्यानंही दिलं नव्हतं. स्वतःला द्यायची लाज वाटली, आणि दुसऱ्याला दिलं असतं तर घरचे चिडले असते.

मार्चमध्ये ती मुलगी नागपूरला मावशीकडे राहायला गेली. तिथल्या एका मैदानावर सकाळी धावते, पोलीस भरतीचाही अर्ज भरला आहे, असं तिच्या वडिलांनी बाजारात भेटल्यावर सांगितलं. मला मात्र तिनं जाताना कळवलं नाही. तिचं चुकलं असं म्हणवत नाही.

त्याच महिन्यात मंडळाची बैठक झाली. पुढच्या वर्षी निम्मं मत लोकांचं आणि निम्मं समितीचं धरावं असा विचार चालला होता. मग समितीत कोण, यावर बोलणं आलं. मी म्हटलं, माझं नाव आता वगळा. गुडघ्यांचं कारण दिलं. अध्यक्ष मला राहा म्हणतील, दोघं-तिघं आग्रह करतील, असं मी धरून चाललो होतो, आणि त्यावर काय बोलायचं तेही ठरवून आलो होतो. अध्यक्षांनी मान हलवली, वहीत काहीतरी लिहिलं आणि विचारलं, तुमच्या जागी कोणी सुचवता का. मला कोणी सुचलं नाही. चहा आला, तो प्यालो, आणि टायरच्या चळती धरत धरत बाहेर पडलो.