लामरियाचा गमबूट

आमची लामरिया, माझ्या बहिणीची लेक, चर्चमध्ये गायला लागली की मागच्या बाकावरचे म्हातारे दचकून जागे होतात. मी त्यांतलाच एक. एवढा तिचा गळा, पण त्या दिवशी ऐन वेळी बसला.

आमच्या पामतेलाच्या गिरणीत पामच्या फळांचे घोस भल्यामोठ्या लोखंडी टाकीत वाफेवर शिजतात. वाफेचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर नजर लामरियाची, आणि टाकीचं झाकण उघडणार हालोमोआन, तिच्या नणंदेचा नवरा. आता आम्हा बटाक जमातीच्या लोकांत नणंदेच्या नवऱ्याशी बाईने सरळ बोलायचं नाही. अगदीच अडलं तर खांबाला सांगायचं, त्या माणसाने आपलं ऐकून घ्यायचं. म्हणून मधे साउर नावाचा गडी. ती साउरला सांगे, साउर त्याला.

त्या दिवशी साउर कॉफी प्यायला गेला. काटा अजून वरच, आणि हालोमोआन झाकणाचं चाक फिरवायला लागला. लामरिया खांबाला म्हणाली, "खांबा, आत वाफ आहे रे." गिरणीच्या घरघरीत खांबालासुद्धा ऐकू गेलं नसेल. हाक मारायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. मग तिने पायातला गमबूट उपसला आणि फेकला. बसला नेमका त्याच्या पाठीत. तो चाक सोडून तणतणत तिच्याकडे निघाला, आणि मागे फटीतून वाफ अशी सुटली की समोरच्या भिंतीचा रंग सोलून निघाला.

मी धावत पोचलो तर दोघंही पांढरेफटक.

गिरणीचे साहेब लामरियावर उखडले. "तोंड नव्हतं तुला? उद्यापासून येऊ नकोस."

चौकशीला मेदान शहरातून इंजिनिअर बाई आल्या, त्याही बटाकच. म्हणाल्या, "माझ्याही तोंडून हाक निघाली नसती, साहेब. तिला घरी बसवाल, उद्या दुसरी कुणी गप्प राहील. मला एवढंच सांगा, आत वाफ असताना हे झाकण उघडतंच कसं?"

"झाकण आहे, बाई. उघडणारच," साहेब म्हणाले.

हा प्रश्न आमच्यापैकी कुणाला कधी पडलाच नव्हता.

लामरिया कामावर राहिली. झाकणाला खिटी बसली, आत दाब असेपर्यंत न निघणारी. बाईंनी टाकीत थोडीशी वाफ सोडली आणि हालोमोआनला आदराने म्हणाल्या, "आमांग, उघडून दाखवा."

"का, मला जगणं जड झालंय का?"

"ओढा तर."

लामरियाने डोळे मिटून घेतले. तो चाकाला अक्षरशः लोंबकळला.

मी म्हटलं, "काय रे, बायकोने भात घातला नाही वाटतं?"

चाक तसूभर हललं नाही. हालोमोआन हात सोडून तिथेच फरशीवर बसला.

"मामा," तो म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं हे आत वाफ असतानाही उघडत होतं?"