खेरितची मंगळवारची बस

आमच्या ऑफिसात हरवलेल्या वस्तूंचं एक कपाट आहे. त्यात हातमोजे जमतात, तेही एकेकटे. न्यायला कुणी येत नाही आणि टाकून द्यायलाही जीव होत नाही. नेदरलँड्समध्ये नायमेखनजवळच्या एका छोट्या बस कंपनीत मी आठ वर्षं टाइमटेबल बनवतेय आणि माझ्या डोक्यात किश्शांचं तसंच झालंय. आज थोडे बाहेर काढते, तेवढीच जागा होईल!

*

इथे बसचा ठेका काही वर्षांनी दुसऱ्या कंपनीकडे जातो. बसचा रंग बदलतो, युनिफॉर्म बदलतो, ड्रायव्हर तेच राहतात. आमचा टॉन एकाच मार्गावर आता चौथ्या कंपनीचा टाय लावून बसलाय.

मागच्या बदलानंतर एक आजी बसमध्ये चढल्या आणि तक्रार सुरू केली. सीट कडक, रंग भडक. "आणि आधीचा ड्रायव्हर किती भला होता! रोज गुड मॉर्निंग म्हणायचा."

टॉन म्हणाला, "तो मीच होतो."

आजींनी त्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "मग आता काय झालं तुम्हाला?"

*

इलेक्ट्रिक बस आल्या तेव्हा थंडीत बॅटरी भराभर उतरायची. मॅनेजर रोज आकडे बघून हळहळायचा. एके दिवशी टॉनची बॅटरी जवळजवळ फुल! मॅनेजरनं सगळ्यांसमोर त्याला उभं केलं. "सांग सगळ्यांना, कसं जमवलंस?"

"गेटसमोर रस्ता खोदलाय," टॉन म्हणाला. "मी निघालोच नाही."

*

गेल्या सप्टेंबरात माझे बाबा तीन महिन्यांसाठी आले. साताऱ्याकडे लाल गाडीवर त्यांनी तीस वर्षं कंडक्टरकी केली. पहिल्याच दिवशी टॉनच्या बसमध्ये बसलो, तर बस स्टॉपवर नुसती उभी.

"का थांबलाय ह्यो?"

"दोन मिनिटं लवकर आलाय, बाबा. वेळ झाली की निघेल."

"अगं, पण माणसं बसली की समदी!"

"तरीसुद्धा."

बाबांनी जरा वेळ दम धरला. मग हात वर गेला आणि खांबावरचं लाल बटण त्यांनी सवयीनं दोनदा दाबलं. त्यांच्या हिशेबी डबल बेल, म्हणजे गाडी सोडा. टॉनच्या हिशेबी कुणाला तरी उतरायचंय. त्यानं मागचं दार उघडलं आणि उतरणाऱ्याची वाट बघत बसला. आणखी एक मिनिट गेलं.

*

आमच्याकडे एक ब्यूर्टबस आहे, म्हणजे शेजारबस. आठ सीटची व्हॅन, दोन खेडी फिरून शहरात येते. चालवणारे गावातलेच निवृत्त लोक, सगळे बिनपगारी. मंगळवार खेरितचा. वय चौऱ्याहत्तर, बायको जाऊन दोन वर्षं झालेली. मंगळवारचा शर्ट तो सोमवारीच इस्त्री करून ठेवतो.

एक दिवस या बसला पैसे देणाऱ्या प्रांत सरकारच्या ऑफिसातून पत्र आलं. प्रवासी कमी दिसतात, आमचा माणूस येऊन मोजेल आणि मग बस ठेवायची की बंद करायची ते ठरेल. ड्रायव्हरांनी मीटिंग बोलावली, कंपनीतर्फे मलाही. कॉफी झाली, बिस्किटं झाली. त्यांच्या अध्यक्ष यानेकेबाईंनी विषय काढला, एका प्रवाशाचा कुत्रा नेमानं बसमध्ये असतो, त्याला मोजता येईल का?

मी म्हटलं, "कुत्र्याला तिकीट नसतं."

खेरित म्हणाला, "पण तो दर मंगळवारी येतो. माझा मुलगा वर्षातून दोनदा येतो."

ठराव एकमतानं मंजूर झाला. मी तो प्रांताला कळवला नाही.

*

बाबांना ती व्हॅन फार आवडली. दर मंगळवारी ते खेरितच्या शेजारच्या सीटवर बसून जायचे आणि त्याच फेरीनं परत यायचे. खेरित डच बोलायचा, बाबा मराठी. घरी येऊन बाबा मला बातम्या द्यायचे. त्याचा डावा गुडघा दुखतो. बायको सूप चांगलं करायची. बाकीचे सहा दिवस तो कुणाशी बोलतच नाही.

"बाबा, हे तुम्हाला कळतं कसं?"

"म्हंजे? त्यानं सांगितलं की!"

मग म्हणाले, "गाडी बंद झाली तर तो माणूस घरात बसून खचंल गं." पण मी कंपनीची नोकर, मोजणीत मला काहीच करता येणार नव्हतं.

*

मोजणीचा मंगळवार उजाडला. प्रांताचे साहेब चर्चजवळच्या स्टॉपवर चढणार होते. कंपनीतर्फे मी त्यांच्याबरोबर उभी. हातात फॉर्म, वर पाऊस.

बाबांनी आदल्या दिवशी आमच्या मराठी मंडळाच्या बायकांना फोन केले होते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. गावातल्या शेतावर लाल भोपळे मस्त मिळतात, उद्याच्या व्हॅननं चला, घारगे करून बघाच, असं सांगून!

व्हॅन वेळेवर आली. दार उघडलं. आत कुत्र्याची मालकीण, यानेकेबाई, मंडळाच्या पाच बायका मांडीवर पिशव्या घेऊन, आणि पुढे बाबा.

"माफ करा," खेरित म्हणाला. "आठ सीट, आठ माणसं."

"अहो, मी प्रांताकडून आलोय. मोजायला!"

खेरितचा चेहरा पांढरा पडला. त्याची बस ज्याच्या हातात होती, त्यालाच तो नाही म्हणत होता. पण नियम म्हणजे नियम. "मग मोजा," तो म्हणाला.

साहेबांनी बाहेरूनच मान लांब करून मोजलं. कुत्रा सोडून आठ. मी बाबांकडे बघितलं. बाबांनी पोटच्या पोरीला ओळख दाखवली नाही. काच खाली केली आणि तीस वर्षांच्या त्या खणखणीत आवाजात ओरडले, "मागनं गाडी येतीय, मागनं!"

दार बंद. व्हॅन गेली.

"ते गृहस्थ काय म्हणाले?" साहेबांनी विचारलं.

"मागून दुसरी बस येतेय म्हणाले."

साहेबांनी खांबावरचं टाइमटेबल वाचलं. मीच बनवलेलं. पुढची बस दोन तासांनी होती.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. मार्ग चालू ठेवावा. खाली तक्ता होता. प्रवासी, आठ. जागेअभावी मागे राहिलेले, दोन.