जाळ्या उघड्या ठेवायच्या

गिर्यारोहणाच्या सामानाच्या त्या दुकानात मागच्या खोलीत शिलाई मशीनवर बसणाऱ्या माणसाला सगळे मास्तर म्हणत. शाळेशी त्यांचं नातं सातवीतच तुटलं होतं, तेही दोन्ही बाजूंच्या आनंदानं. पण फाटका तंबू त्यांच्यापुढे टाकावा आणि दोन तासांनी यावं. फाटलं होतं कुठे, हे गिऱ्हाइकाला बोट फिरवूनही कळत नसे. मालक म्हणायचे, "मास्तरांनी शिवलं म्हणजे ते कंपनीतूनच तसं आलं." एवढ्या कौतुकानं दुसरा कुणी फुलून गेला असता. मास्तर मान खाली घालून सुईत दोरा ओवत राहायचे.

थंडीत डोंगरावर जाणारं गिऱ्हाईक आलं की मालक त्याला सरळ मास्तरांच्या हवाली करत. मग त्याची परीक्षाच सुरू व्हायची. पुढच्या खोलीत जमिनीवर तीन तंबू कायम उभे असत. "चपला काढा, आत जा, आडवे व्हा. चेन लावून घ्या आणि दहा मिनिटं गप्पा मारा." आत जाणाऱ्याच्या हातात ते एक आरसा द्यायचे, दाढीचा, कडेचा टवका उडालेला. दुकान थंडीत गारठलेलं असायचंच. दहा मिनिटांनी बाहेरून विचारायचे, "तोंड दिसतं का?"

"नाही हो, धुरकटलाय."

"तो तुमचा श्वास. रात्रभरात त्याचं पाणी होतं आणि अंथरुणात उतरतं. आता डोक्यावरच्या दोन्ही झडपा उघडा."

झडपांमागे जाळ्या असत. त्यातून हवा खेळली की आरसा हळूहळू निवळायचा. मग मास्तर प्रत्येकाकडून वदवून घ्यायचे की कितीही थंडी वाजली तरी जाळ्या उघड्या ठेवायच्या आणि शेगडी आत पेटवायची नाही. काही जण वैतागायचे. तंबू घ्यायला आलोय की लग्न ठरवायला, असं एकानं तोंडावर विचारलं होतं. मास्तरांनी त्यालाही दारापर्यंत पोचवत पुन्हा तेच बजावलं.

एवढा जीव का टाकायचे? सांगून टाकतो. लपवण्यात काय अर्थ आहे? त्यांनी चौदा वर्षं लपवलं, त्याचं काय झालं ते पुढे येतंच आहे.

मास्तरांचा थोरला भाऊ, दादा, छापखान्यात गठ्ठे बांधायच्या कामावर होता. आईवडील गेल्यावर धाकट्याला त्यानंच वाढवलं, ह्या दुकानात चिकटवलं तेही त्यानंच. कामाची सवय अशी की घरात बुटाच्या नाडीपासून पडद्यापर्यंत सगळ्याला त्याची ती छापखान्यातली गाठ, दोनदा वेढा घेऊन टोक आत खोचलेली. ती सोडवताना वहिनीची नखं तुटायची. दर थंडीत चार दिवस सुटी काढून हा गडी मित्रांबरोबर बर्फात झोपायला जायचा. हौस, दुसरं काय. वहिनी म्हणायची, घरात फ्रीज आहे, त्यात डोकं घालून बसा, जवळ पडेल.

एका वर्षी तो परत आला तो शिंकत. चहाचा कप दोन्ही हातांत धरून म्हणाला, "रात्रभर कुडकुडलो रे. त्या वरच्या जाळ्यांतून काय वारं येतं." बोलला आणि विसरून गेला. धाकटा विसरला नाही. पुढच्या थंडीआधी दादाचा तंबू चेन बदलायला दुकानात आला, तेव्हा त्यानं दोन्ही जाळ्यांना बाहेरच्या अंगानं तंबूच्याच रंगाचं कापड लावलं, बारीक टाक्यांनी, चारी बाजूंनी. दादाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर "उसव आधी" म्हणाला असता. ह्याला वाटलं, दादा परत येईल, म्हणेल, यंदा वारं कसं लागलं नाही रे, मग हसत हसत सांगू. मायेपोटी माणूस काय करून बसेल त्याचा नेम नाही.

दादा परत आला नाही. त्या संध्याकाळी बाहेर वादळ होतं, म्हणून त्यानं बर्फ वितळवायला शेगडी तंबूत घेतली. शेगडीचा विषारी वायू आत साठला आणि त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. शेजारच्या तंबूतल्या मित्रांनी सकाळी हाका मारल्या तेव्हा सगळं संपलेलं होतं. पोलिसांच्या कागदावर बाहेरून बघूनच लिहिलं गेलं, शेगडी आत, जाळ्या बंद. बंद म्हणजे शिवलेल्या, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. शिलाईच तशी होती. तंबू गुंडाळून घरी आला. वहिनीनं तो न उघडताच माळ्यावर टाकला. मास्तर पहिल्या दिवशी बोलले नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशी बोलवेना, आणि मग वर्षं गेली. तो आरसा दादाच्या पिशवीत सापडलेला.

मास्तरांनी लग्न केलं नाही. खोली वेगळी, पण संध्याकाळचं जेवण दोन गल्ल्या पलीकडे वहिनीकडे. वहिनी एका दवाखान्यात नावं नोंदवायला बसायची आणि घरी येऊन तिघांचा स्वयंपाक करायची. तिसरी तिची मुलगी. बाप गेला तेव्हा आठ वर्षांची होती म्हणून तिला बारकी म्हणत. आता बावीस वर्षांची होऊन काकाच्या डोक्यावरून बघत होती, तरी बारकीच.

वहिनी वाईट नव्हती. पण दुःखाला कुणीतरी धरायला लागतं, आणि तिनं नवऱ्यालाच धरलं होतं. बारकीनं दिवा चालू ठेवला की, "बापासारखा कंटाळा." गॅसचं बटण नीट बंद झालं नाही की, "बापाचं बघून शहाणी हो. हात वर करून एक झडप उघडायचा आळस केला माणसानं, आणि आपल्याला असं उघड्यावर टाकलं." जेवताना, आठवड्यातून एकदा तरी. बारकी ताटात बघायची. मास्तर पुढचा घास कालवत राहायचे. आज सांगू, उद्या सांगू. सांगितलं तर हे ताट जाईल, ही दोन माणसं जातील, मग उरतं काय? खरं सांगायचं तर ते भित्रे होते. मला त्यांचा रागही येतो, पण त्यांच्या जागी मी बोललो असतो असं छातीवर हात ठेवून म्हणवत नाही.

आणि त्या वर्षी थंडीच्या तोंडावर बारकीनं जाहीर केलं की कॉलेजच्या गटाबरोबर ती बर्फात तीन रात्री मुक्काम करणार. वहिनी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी, दुकान बंद व्हायच्या वेळेला, मुलीला हाताला धरून मास्तरांसमोर उभी राहिली. "ऐकत नाही ती. निदान तंबू तरी नीट बघून द्या, भाऊजी."

बारकीला लाल तंबू आवडला. मास्तर म्हणाले, "हा उन्हाळ्याचा. ह्याच्या भिंतीच जाळीच्या, बर्फ भुरभुरत आत येईल." मग तिनं मोठ्याकडे बोट केलं, सहा जणांच्या. "अगं, तुझ्या एकटीच्या अंगानं एवढी जागा तापेल का? आणि वाहून नेणार कोण, मी?" शेवटी त्यांनी कोपऱ्यातला करडा तंबू दाखवला. दोन माणसांचा, बुटका, तीन दांडे एकमेकांवरून जाणारे, बाजू उतरत्या म्हणजे बर्फ साठायचा नाही, बाहेरचं कापड पार जमिनीपर्यंत. वर दोन जाळ्या, आतून उघडता येणाऱ्या झडपांच्या. "हा घे. दिसायला काही खास नाही, पण वाऱ्यात उभा राहतो."

बारकी आरसा घेऊन आत शिरली, चेन लावली. बाहेर वहिनीनं वाकून त्या झडपा पाहिल्या. "भाऊजी, एक काम करा. ह्या झडपा कापूनच टाका."

"कापून?"

"म्हणजे बंद करायचा प्रश्नच नाही. त्यांचीच मुलगी आहे ना. थंडी वाजली की लावून घेईल, आणि मग उठून उघडायचा कंटाळा."

तंबूतून बारकीचा आवाज आला. हळू, पण स्पष्ट. "आई, मी बाबांसारखी नाही. मी नाही करणार तसं. किती वेळा सांगू?"

बावीस वर्षांची मुलगी बापासारखी नसल्याची शपथ घेत होती. मास्तरांच्या गळ्यात मोजमापाची टेप तशीच लोंबत होती, तिची दोन्ही टोकं त्यांनी धरून ठेवली.

"वहिनी, दादानं कंटाळा केला नव्हता."

"तुम्ही नेहमी त्यांची बाजू घेता."

"त्या जाळ्या मी शिवल्या होत्या. बाहेरून, कापड लावून. त्याला वारं लागू नये म्हणून. त्याला सांगितलं नव्हतं. झडप उघडी असो नाहीतर बंद, हवा येणार नव्हती. शेगडी त्यानं आत घेतली ती जाळ्यांच्या भरवशावर."

चेन सरकल्याचा आवाज झाला. बारकी अर्धी बाहेर आली आणि तशीच गुडघ्यांवर राहिली. वहिनीनं पर्स उचलली, काचेचं दार ढकललं आणि निघून गेली. मागोमाग बारकी. आरसा तंबूत पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या वहिनी आली. काखेत तो जुना तंबू. चौदा वर्षांत पहिल्यांदा माळ्यावरून निघालेला. तिनं तो शिलाईच्या टेबलावर टाकला. "दाखवा."

मास्तरांनी गुंडाळी सोडली. कापडाला कुबट वास येत होता, घड्या चिकटल्या होत्या. त्यांनी जाळीची जागा शोधून बोट ठेवलं. वहिनीला टाके दिसेनात. तिनं चष्मा लावला, कापड खिडकीपाशी नेलं, तरी दिसेनात. मास्तरांनी ब्लेडच्या टोकानं एक टाका उचलून दाखवला तेव्हा दिसला. मग तिनं तंबू उलटा केला, आतली बाजू वर आणली, आणि तिचा हात थांबला.

झडप उघडी होती. नीट गुंडाळून वर कापडी बंदानं बांधलेली. दुसरीही तशीच. आतून बघणाऱ्याला जाळी दिसत होती, जाळीमागे त्याच रंगाचं कापड. संध्याकाळच्या उजेडात दादाला ते तंबूचं वरचं आवरणच वाटलं असणार. दोन्ही बंदांना छापखान्यातली गाठ, दोन वेढे आणि टोक आत खोचलेलं.

मास्तरांनाही हे माहीत नव्हतं. कुठून माहीत असणार, तंबू मागून घ्यायचं धाडसच झालं नव्हतं त्यांना. ते स्टुलावर बसले.

वहिनी त्या गाठीवरून अंगठा फिरवत राहिली. "उघडल्या होत्या त्यांनी," ती म्हणाली. "दोन्ही उघडल्या होत्या. बांधून ठेवल्या होत्या." बराच वेळ ती एवढंच म्हणत होती. मग तिनं चष्मा काढला.

"तुम्ही शिवलंत ते मी समजून घेईन. आज नाही, पण घेईन कधीतरी. त्यांच्यासाठीच केलंत. पण चौदा वर्षं मी मेलेल्या माणसाला आळशी म्हणत होते, त्याच्या मुलीसमोर. आणि तुम्ही समोर बसून जेवत होतात."

मास्तर म्हणाले, "हो." तिनं तंबूची गुंडाळी केली. उसवू का, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "हात लावू नका त्या गाठींना," आणि तंबू काखेत घेऊन गेली. त्या दिवसापासून संध्याकाळी मास्तर खोलीवरच काहीतरी गरम करून खात. त्यांनी दोनदा त्या गल्लीपर्यंत जाऊन पाहिलं, स्वयंपाकघरातला दिवा दिसला, आणि परत आले.

निघायच्या आदल्या दिवशी बारकी एकटीच आली. डोळे सुजलेले होते, पण आवाज ठीक होता. "करडा द्या."

"दुसऱ्या दुकानातून घे हवं तर. मी चिठ्ठी लिहून देतो, काय काय बघायचं ते."

"तुमच्याइतकं घाबरणारं माणूस दुसऱ्या दुकानात कुठे मिळणार मला?" ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "काका, बाबा नीटनेटके होते ना?"

"तुझ्यापेक्षा खूप," मास्तर म्हणाले. ती हसली नाही, पण मान हलवली. त्यांनी तिच्यासमोर तंबूची प्रत्येक शिवण उलटीसुलटी करून तपासली, दांडे मोजले, खुंट्या मोजल्या, आणि दोन्ही जाळ्यांवर तिचा तळहात ठेवून पलीकडून फुंकर मारून दाखवली. आरसाही तिच्या पिशवीत टाकला.

त्या तीन रात्री मास्तरांच्या डोळ्याला डोळा लागला नाही, हे सांगायला नकोच. चौथ्या दिवशी दुपारपासून त्यांच्या हातून एक टाका सरळ पडेना. मालक दोनदा चहा ठेवून गेले.

संध्याकाळी काचेचं दार उघडलं. बारकी. पाठीवर पिशवी, ओठ फुटलेले, नाक लालबुंद. तिनं ओला तंबू दोरीवर वाळत टाकला, दोन्ही झडपा गुंडाळून बांधलेल्या होत्या. घरी कळवलंस का, असं मास्तरांनी विचारलं. "आईकडूनच आले," ती म्हणाली. आई काही म्हणाली का, असं ते विचारणार होते, पण तिनंच नकारार्थी मान हलवली. मग मालकांनी आणलेला चहाचा कप तिनं दोन्ही हातांत धरला आणि स्टुलावर बसली.

"झोप लागली का गं?" मास्तरांनी विचारलं.

"कसली झोप. त्या वरच्या जाळ्यांतून असं वारं येत होतं. रात्रभर कुडकुडले, काका."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांना रडू आवरेना. ती घाबरली, कप खाली ठेवून त्यांच्याजवळ आली. आता कशानं, असं विचारत राहिली. त्यांना सांगता येईना. दादाही त्या वर्षी असाच म्हणाला होता, असाच कप धरून. कुडकुडत का होईना, घरी आला होता.