न धुतलेलं पान

मुलांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही मला एक डबी दाखवलीत. तिकडच्या दुकानातलं मलम, आणि झाकणावर आपल्या एकदांडीच्या फुलाचं चित्र: लांब दांड्यावर पिवळा गोंडा, कडेला चार-पाच पांढऱ्या पाकळ्या. "आजी, यानं जखमेतले जंतू खरंच मरतात का? तू कॉलेजात हेच तपासायचीस ना?" मी म्हणाले, लिहून कळवते. फोनवर 'हो' म्हटलं असतं किंवा 'नाही' म्हटलं असतं, तरी ते अर्धंच झालं असतं. ज्या पायासाठी मी हे पान तपासलं तो पाय तुम्ही पाहिलेला नाही, आणि तो पाहिलेली माणसं आता फार राहिलेली नाहीत. म्हणून आत्ताच लिहिते.

पाय माझ्या थोरल्या जाऊबाईंचा. त्या राळेगावकडे शेतावर राहत. मी यवतमाळला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत असे. माझं शिक्षण इंग्रजीतून झालेलं, म्हणून त्या मला सगळ्यांसमोर 'मॅडम' म्हणत आणि हसत. त्यांना साखरेचा आजार होता. कापूस वेचताना पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या झाडाचा, खुंट तळव्यात घुसला आणि ती जखम भरेचना. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की जखमेतल्या जंतूला आता औषधं लागू पडत नाहीत. पायाचा पंजा काढावा लागेल, नाहीतर सडणं वर चढेल.

जाऊबाईंनी साफ नकार दिला. आम्ही त्यांना आमच्या घरी आणून ठेवलं होतं. पाय उशीवर ठेवून त्या म्हणाल्या, "पाय नसला तं वावरात कोन जाईन? तुह्यं कालेज?"

आमच्या सासूबाई विळ्याच्या प्रत्येक घावावर एकदांडीचा रस पिळत. घरातल्या सगळ्यांच्या हातापायांवर त्या रसानं भरून आलेल्या खुणा होत्या. जाऊबाईंचा भरवसा त्या खुणांवर होता. शेवटी त्यांनीच अट घातली.

"तू पाह्य तुह्या काचेत. पानानं जंतू मेले तं मी पाय देत नाई. नाई मेले, तं न्या मले."

पान तोडण्याची रीत ठरलेली होती. सकाळी दवासकट तोडायचं, आणताना कोणाशी बोलायचं नाही, आणि काही झालं तरी धुवायचं नाही. पाण्यानं गुण उतरतो. माझा पुतण्या, म्हणजे जाऊबाईंचा मुलगा, शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पानं घेऊन मोटरसायकलनं आला. मी विचारलं, "चहा घेतोस?" त्यानं मान हलवली. "दूध कमी चालेल?" पुन्हा मान. पुडी माझ्या हातात दिली आणि मग एकदम म्हणाला, "काकू, साखर जास्त टाकजा."

जखमेतल्या पुवातला जंतू मी काचेच्या बशीत वाढवला होता. पानांचे दोन भाग केले. एक भाग धुतला, कारण मला तसंच शिकवलेलं होतं. दुसरा धुतला नाही, कारण जाऊबाईंनी शपथ घातली होती. दोन्हींच्या रसात टीपकागदाच्या चकत्या भिजवून बशीत ठेवल्या. जिथे जंतू मरतो तिथे चकतीभोवती स्वच्छ रिंगण पडतं. मरत नसेल तर बशी कडेपर्यंत दुधाळ राहते.

दुसऱ्या दिवशी न धुतलेल्या पानाभोवती रिंगण होतं. धुतलेल्या पानाभोवती काहीच नव्हतं.

बशी झाकून घरी आणली आणि लांबूनच त्यांना दाखवली. जाऊबाई किती वेळ बघत राहिल्या. "काहून धुतलं वं मंग? सासू सांगून गेलती ना, पाण्यानं गुण उतरते. तुमच्या विंग्रजी पुस्तकात नाई का हे?" त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या. मला त्यांचं म्हणणं खरं व्हायला हवं होतं. पण एका धुण्यानं निघून जाईल असा पानाच्या आतला गुण मला ठाऊक नव्हता.

मी पुतण्याला विचारलं, "फवारणी कधी केलीस?"

"परवाच तं केली, काकू. पऱ्हाटीवर केली, धुऱ्यावर कायले करू?"

"वारं होतं?"

"होतं. धुऱ्याकडंच जात होतं." कपाशीच्या त्या वाईट वर्षांत एक फवारा लागू पडला नाही की लोक दुसरा मारत. अळीचं औषध, पानांवरच्या ठिपक्यांसाठी जंतूही मारणारी तांब्याची पावडर, दुकानदार आणखी देईल ते, सगळं एकाच पंपात कालवत.

तुमचे आजोबा तेव्हा कामासाठी पांढरकवड्याला जात. त्यांनी तिथल्या जंगलातून एकदांडी आणली, जिथे आसपास कपाशी नव्हती. ती मी मुद्दाम धुतली नाही. शेजारी दुसरी चकती ठेवली, ती धुऱ्यावरची पानं धुतलेल्या पाण्याची. जंगलातल्या पानाभोवती बशी दुधाळच राहिली. रिंगण पडलं ते त्या पाण्याभोवती.

जाऊबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंग फवाऱ्याचंच लाव ना पायाले. मरते ना त्यानं?"

"जाऊबाई, ते विष आहे. जंतूसोबत तुमचं मांसही जाईल."

"मंग सासू काय खोटं सांगत होती?"

"माहीत नाही. घाव लहान होते, माणसं धडधाकट होती. पानानं बरं केलं की आपसूक भरलं, मला नाही सांगता येत."

"येवढी शिकली," त्या म्हणाल्या, "अन् माहीत नाई म्हन्ते." पण त्या हसल्या नाहीत. पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "न्या मंग." दिलेला शब्द त्यांनी पाळला.

पंजा काढला. नंतर गुडघ्याखालचा पाय काढला. जंतू तोच होता. शेवटची वेचणी व्हायच्या आत त्या गेल्या.

त्यानंतर मी राळेगाव आणि आर्णीकडच्या शिवारांत औषधी पानं शोधत हिंडले. मिळत होती भरपूर. पण कुठल्या पानावर काय बसलं आहे हे कोणी सांगू शकत नव्हतं, आणि हुंगलं तर पंपाचा वास यायचा. गावांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या झाडांत गुण आहे की नाही, हे मला शोधायचं होतं. ते शोधायला जे पान हवं, तेच आमच्या शिवारात राहिलं नव्हतं. मी ते काम सोडून दिलं. पुढे निवृत्त होईपर्यंत फुलांचे भाग शिकवले.

तुमच्या डबीतल्या मलमाबद्दल मला एवढंच म्हणता येईल की ज्या एका जंतूसाठी मी पान तपासलं, त्याच्यावर ते चाललं नाही. बाकीच्यांचं मला ठाऊक नाही.

एकदांडी मात्र धुऱ्यावर अजून उगवते. पुतण्याच्या घरात कोणाला कापलं तर आजही तीच आणतात, आणणारा आजही वाटेत बोलत नाही. पण पान आता धुऊन लावतात.